सुखाचे वाटेकरी



सुख हा विषय व्याख्यानाला घेणे तसे धाडसाचेच. ज्याला सुख लाभले आहे तो त्याविषयी बोलत बसत नाही, आणि ज्याला लाभलेले नाही त्याच्या बोलण्यावर विश्वास कोणी ठेवावा? तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीने बराच शोध झाला आहे, आणि त्यातून जे हाती आले ते आपल्या रोजच्या वागण्याशी फार निकटचे आहे. आमचे म्हणणे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. माणसाचे सुख त्याच्या घरात काय काय आहे यापेक्षा त्याच्या घरी कोण कोण येते आणि तो कोणाच्या घरी जातो, यावर अधिक अवलंबून असते. आणि याला जोडूनच दुसरी गोष्ट अशी की, हे येणेजाणे आपोआप टिकत नाही. शेताप्रमाणे त्याची मशागत करावी लागते, आणि तीही सुगीच्या आधी.

हे म्हणणे नवे नाही. आपल्या गावगाड्याला ते पक्के ठाऊक होते. कसे ठाऊक होते, ते मात्र अभिमानाने सांगण्यासारखे नाही. माणसाचे सुख कशात आहे हे समाजाला कळले होते, याचा पुरावा त्या समाजाने दिलेल्या शिक्षेत सापडतो. ती शिक्षा म्हणजे वाळीत टाकणे. वाळीत टाकलेल्या माणसाला कोणी मारीत नसे. त्याचे शेत त्याच्याकडेच असे, घर त्याचेच असे, कणगीतले धान्यही कोणी उचलून नेत नसे. फक्त त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्याकडे जेवायचे नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, त्याच्या लेकीला कोणी करून घ्यायची नाही, आणि त्याच्या दारी मयत झाले तर खांदा द्यायला जायचे नाही. सारे ऐश्वर्य जागच्या जागी, आणि माणूस मात्र महिन्या-दोन महिन्यांत पंचांच्या पायांवर डोके ठेवायला तयार! सुख जर धान्यात, जमिनीत आणि भिंतींत असते, तर ही शिक्षा कोणाला जाचली नसती.

ही चाल आज केवळ इतिहासात उरली आहे, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, आणि तो 2017 पासून अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ज्या राज्यात असा कायदा लागतो, तेथे नाते तोडण्याच्या शस्त्राची धार अजून गेलेली नाही, हे उघड आहे.

एका माणसाला काही महिने वाळीत टाकले तर तो खचतो. मग ज्या समाजांना आपण पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकले, त्यांचे काय झाले असेल? 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या सहकाऱ्यांसह प्राशन केले. ते पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नव्हते, आणि त्यावाचून कोणी मरतही नव्हते. आपण इतरांसारखीच माणसे आहोत हे त्या काठावर सिद्ध करायचे आहे, असे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. माणसांत माणूस म्हणून मोजले जाणे, ही सुखाच्या इमारतीची पहिली पायरी. ती ज्यांना नाकारली, त्यांना 'सुख मनात शोधा' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. म्हणून नात्यांविषयी गोड बोलण्यापूर्वी एवढे बोलणे आम्हांला आवश्यक वाटले.

आता येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आपल्या तत्त्वज्ञांनी तर सुख अंतरात शोधायला सांगितले. दुसऱ्यावर अवलंबलेले सुख ते परावलंबी, म्हणजे दुःखाचेच बीज. आक्षेप वजनदार आहे. पण बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभाची जी कथा आहे, ती या बाबतीत मोठी बोलकी आहे. आरंभी तो आदिपुरुष एकटाच होता, आणि त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की, येथे माझ्यावाचून दुसरे कोणीच नाही, मग मी भ्यावे कोणाला? तेव्हा त्याचे भय गेले. येथवर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पुरे झाले. पण कथा येथे थांबत नाही. भय गेले खरे, तरी त्याला करमेना. आणि मग त्याला दुसऱ्याची इच्छा झाली. पाहा, उपनिषत्कारांनी दोन्ही बाजू मांडल्या आहेत. दुसरा माणूस आला की भयाला जागा झाली. तो फसवील, सोडून जाईल, मरेल. दुसरा नसला की भय नाही. पण भय नसणे म्हणजे सुख नव्हे. ज्याला सुख हवे त्याने दुसऱ्यापासून येणारे भय पत्करलेच पाहिजे.

आणि एकांत व एकाकीपणा या दोन गोष्टी आपण एक समजू नयेत. एकांत माणूस आपण होऊन घेतो. एकाकीपणा त्याच्यावर येऊन पडतो. ज्याला परत जायला माणसे आहेत त्यालाच एकांत गोड लागतो. भर लग्नमंडपात माणूस एकाकी असू शकतो, आणि डोंगरावर एकटा बसलेला गुराखी मुळीच एकाकी नसतो. कारण दिवेलागणीला आपली वाट पाहणारे कोणी आहे, हे त्याला ठाऊक असते.

आता शास्त्राकडे वळू. 1938 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक काम हाती घेतले. नेहमीचे डॉक्टर रोग्यांचा अभ्यास करतात. यांनी ठरवले की, धडधाकट तरुण घ्यायचे आणि त्यांचे आयुष्य कसे जाते ते पाहत राहायचे. हार्वर्डचे 268 विद्यार्थी त्यासाठी निवडण्यात आले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांतलेच एक. साधारण त्याच सुमारास बॉस्टन शहराच्या अगदी गरीब वस्त्यांतील 456 मुलांचा असाच अभ्यास शेल्डन आणि एलिनॉर ग्लुएक हे दांपत्य करीत होते. तोही पुढे या कामाला जोडला गेला. एकीकडे श्रीमंत विद्यापीठातले तरुण, तर दुसरीकडे ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी नळाचे गरम पाणीही नव्हते अशी मुले. असे एकूण 724 जण. त्यांना वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका पाठवायच्या, प्रकृती तपासायची, घरी जाऊन बोलायचे, पुढे त्यांच्या बायकांशी आणि मुलांशीही बोलायचे, असे हे काम चालत राहिले. मूळचे संशोधक म्हातारे होऊन गेले. जॉर्ज व्हॅलंट यांनी तीस वर्षांहून अधिक काळ ते सांभाळले. त्यांच्यानंतर रॉबर्ट वॉल्डिंगर हे या कामाचे चौथे प्रमुख झाले. वॉल्डिंगर आणि मार्क शुल्झ यांनी या साऱ्या अभ्यासाचे सार 2023 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

एवढा खटाटोप करून हाती काय आले? त्या 724 जणांतले कोणी वकील झाले, कोणी गवंडी, कोणी डॉक्टर, कोणी कारखान्यात मजूर. कोणी दारूच्या आहारी गेले, कोणी तळातून वर चढले आणि कोणी वरून तळाला आले. संशोधकांनी हिशेब मांडला की, जी माणसे ऐंशीव्या वर्षी सुखी आणि निरोगी राहिली, त्यांच्या पन्नाशीत असे काय होते की ज्यावरून हे आधीच ओळखता आले असते? आपण म्हणू, रक्तातले कोलेस्टेरॉल पाहावे. तसे झाले नाही. आपल्या नात्यांत पन्नाशीला जे समाधानी होते, तेच ऐंशीला अधिक निरोगी निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हे समाधान पुढची वाट अधिक अचूक दाखवीत होते.

या अभ्यासातली एक गोष्ट आमच्या मनाला विशेष भिडली. या मंडळींत काही वृद्ध जोडपी अशी होती की त्यांची सकाळ-संध्याकाळ कुरबुर चाले. आपल्याकडेही अशी जोडपी आपण पाहतो. चहात साखर कमी पडली एवढ्यावरून अर्धा तास जातो. पण प्रसंग पडला तर हा माणूस माझ्या पाठीशी उभा राहील, असा ज्यांना मनातून भरवसा होता, त्यांच्या स्मरणशक्तीला त्या कुरबुरीने बाध आला नाही. ज्यांना असा भरवसा नव्हता, त्यांची स्मृती लवकर खालावली. म्हणजे नाते चांगले की वाईट, हे आवाजाच्या पट्टीवरून ठरत नाही, भरवशावरून ठरते.

या अभ्यासाला एक मोठी मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. मूळचे सारे जण पुरुष होते आणि सारे गोरे होते. म्हणून आम्ही दुसरा पुरावा घेतो. कॅलिफोर्नियातील अलामेडा या परगण्यात 1965 साली 6,928 स्त्रीपुरुषांची पाहणी झाली. लग्न झाले आहे काय, स्नेही आणि नातलग किती आणि गाठीभेटी किती होतात, चर्चला जाता काय, एखाद्या मंडळाचे सभासद आहात काय, असे साधे प्रश्न विचारले. पुढची नऊ वर्षे त्यांच्यापैकी कोण कोण मरण पावले याची नोंद ठेवली. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी 1979 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे माणसांशी लागेबांधे सर्वांत थोडे, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, ज्यांचे सर्वांत अधिक त्यांच्या मानाने, पुरुषांत 2.3 पट आणि स्त्रियांत 2.8 पट आढळले. कोणी म्हणेल की, आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून त्याला मित्र कमी. कारण आणि कार्य यांची उलटापालट होत असेल. ही शंका संशोधकांनाही आली होती. मूळची प्रकृती, धूम्रपान, दारू, आर्थिक स्थिती हे सारे हिशेबात धरूनही फरक उरलाच.

याच पाहणीतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अविवाहित असूनही ज्यांचा मित्र-नातलगांचा गोतावळा मोठा होता, त्यांची स्थिती विवाहित पण थोडे मित्र असलेल्यांइतकीच होती. अर्थात एका नात्याची उणीव दुसरे नाते भरून काढू शकते. ज्यांना लग्न लाभले नाही, ज्यांचा जोडीदार गेला, ज्यांना मूलबाळ नाही, त्यांच्याकडे आपला समाज कीव करीत पाहतो. त्या कीवेला आधार नाही. दार एक बंद असेल. घराला दुसरी दारे असतात.

हे घडते तरी कसे? मनाची गोष्ट शरीरात कशी उतरते? याविषयीचे दोन प्रयोग आम्ही थोडक्यात सांगतो. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 276 निरोगी माणसे राजीखुशीने प्रयोगाला घेतली, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले आणि त्यांना काही दिवस वेगळे ठेवले. हा निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाला. विषाणू सर्वांना सारखेच दिले होते. पण सर्दी सर्वांना सारखी झाली नाही. ज्यांची नाती तऱ्हेतऱ्हेची होती, म्हणजे घरचे, सासरचे, शेजारी, कामावरचे सोबती, मित्र, एखादे मंडळ, अशा सहा किंवा अधिक प्रकारची होती, त्यांना ती कमी झाली. ज्यांच्याकडे एक ते तीनच प्रकारची नाती होती, त्यांचा धोका चौपटीहून अधिक होता. येथे माणसांच्या संख्येपेक्षा नात्यांच्या जातीच अधिक उपयोगी पडल्या, हे ध्यानात घ्या.

दुसरा प्रयोग 2006 सालचा, जेम्स कोन यांचा. सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण करीत असताना त्यांना सांगण्यात आले की, आता पायाला विजेचा हलका झटका बसण्याचा संभव आहे. एकदा त्या एकट्या होत्या, एकदा अनोळखी माणसाने त्यांचा हात धरला होता, आणि एकदा नवऱ्याने. एकट्या असताना मेंदूत भयाची खळबळ सर्वांत अधिक उठली. परक्या हाताने ती थोडी उतरली, नवऱ्याच्या हाताने पुष्कळच उतरली. आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता, त्यांची तर आणखी उतरली. आजाऱ्याच्या उशाशी बसून नुसता त्याचा हात हातात धरणाऱ्या आजीला हे कोणी शिकवले नव्हते. भयाने शरीर सज्ज होते, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. हे क्षणभर झाले तर उपकारकच. पण ज्याला हात धरणारे कोणीच नाही, त्याचे शरीर जणू रात्रंदिवस पहाऱ्यावर असते. सतत पहाऱ्यावरचा शिपाई थकणारच.

2010 साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 148 अभ्यासांचा एकत्र ताळा केला. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट, त्यांची जगण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी अधिक निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या जून महिन्यात जाहीर केले की, जगातील दर सहा माणसांत एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे. ब्रिटनने तर 2018 सालीच एकाकीपणाचे खाते एका मंत्र्याकडे सोपवले. दुःखाची गोष्ट खरी, पण ती सरकारदरबारी दाखल झाली, हे एका अर्थी बरेच झाले.

येवढे ऐकल्यावर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल की, हे सारे आपल्याकडे पूर्वी होतेच; वाडे होते, चाळी होत्या, एकत्र कुटुंबे होती. होय, होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत. कोणी रात्रपाळीचे, कोणी दिवसपाळीचे. एकाचे अंथरूण गुंडाळले की त्याच जागी दुसऱ्याचे पसरे. जेवण खाणावळवालीकडे. गावाहून नवा मुलगा आला की गाववालेच त्याला जागा देत, गिरणीत चिकटवून देत, आणि आजारी पडला तर गावी पोचवीत. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांच्या आणि कामगारांच्या गावोगावच्या कुडी मुंबईत धोबीतलाव भागात होत्या. गावाच्या माणसाला तेथे पेटी ठेवायला जागा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला सोबत मिळे. 1982 सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्या कठीण काळात कित्येकांची चूल या नात्यांनीच पेटती ठेवली.

पण चाळीचे गोडवे गाताना अर्धे सत्य सांगू नये. चाळीत दार उघडे असे, तसे डोळेही उघडे असत. कोणाकडे कोण आले, सुनेला दिवस गेले की नाही, मुलगी किती वाजता परतली, याचा हिशेब सारा मजला ठेवी. एकत्र कुटुंबात पोरक्या मुलाला ताट मिळे, हे खरे. पण विधवेला त्याच घरात कोपरा मिळे, हेही खरे. नात्यांचा सणवार, आलेगेले, आजारपण, बाळंतपण हा सारा भार बायकांनी वाहिला, आणि त्या भाराला 'आपली संस्कृती' हे नाव पुरुषांनी दिले. म्हणून मागे जाऊ या, असे आम्ही म्हणत नाही. मागे गेल्याने नाती परत मिळणार नाहीत. जाच तेवढा परत मिळेल. जुन्या काळी नाती परिस्थितीने लादली होती. आता ती आपण होऊन जोडायची आहेत. हे अधिक अवघड आहे, पण अधिक मोलाचेही आहे.

आपण होऊन जोडलेले नाते किती दूर पोचते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. पत्नीने वैद्यकी शिकावी म्हणून गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास पत्र लिहिले, आणि ते तेथील एका धर्मविषयक मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. एका परक्या देशातल्या पोरवयाच्या मुलीची तळमळ वाचून त्यांनी 1880 साली पत्र धाडले. कोण कुठली कार्पेंटर, आणि कोण कुठली जोशी! भाषा वेगळी, धर्म वेगळा, मध्ये सातासमुद्रांचे अंतर. पण पत्रामागून पत्र गेले, आणि आनंदीबाई त्यांना मावशीच्या नात्याने लिहू लागल्या. 1883 साली त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा उतरून घ्यायला हीच मावशी हजर होती. 1886 साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचा अंत झाला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्या न्यू यॉर्क राज्यात पोकिप्सी येथे कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या आहेत. ज्या काळात परदेशगमन केले म्हणून येथे माणसाला वाळीत टाकीत, त्या काळात तेथल्या एका कुटुंबाने आपल्या पूर्वजांशेजारी हिला जागा दिली.

या नात्याचा आरंभ कशाने झाला? एका पत्राने. कार्पेंटरबाई हळहळून मासिक मिटून ठेवत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. आपणही रोज अशी कितीतरी मासिके मिटून ठेवतो. शेजारच्या आजोबांकडे दोन दिवस दूधवाला हाक मारून परत जातो, हे आपल्याला ऐकू येते. पण 'असेल काहीतरी' म्हणून आपण दार लावून घेतो. एखाद्या मित्राची आठवण होते, आणि 'रविवारी निवांत बोलू' म्हणून फोन राहून जातो. असे रविवार साठत जातात.

आमच्या मते आजच्या मध्यमवर्गाची खरी अडचण हीच आहे. आपण नाती नाकारीत नाही. ती पुढे ढकलतो. आधी नोकरी स्थिर होऊ दे, मग घराचे हप्ते फिटू देत, मग मुलांची शिक्षणे होऊ देत, मग मात्र माणसांकडे लक्ष देऊ. पुढे निवृत्तीचा दिवस येतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळते की आपली सारी ओळख कचेरीच्या खुर्चीशी होती. मुले पुण्याबंगळुरात किंवा परदेशात. घरात दोघेच, आणि दोघांचे सारे ओझे एकमेकांवर. पत्नी आधी गेली तर कित्येक गृहस्थांची स्थिती अशी होते की, कोणाकडे श्रावणात जायचे, कोणाच्या नातवाचे बारसे, कोणाचे आजारपण, यांतले काहीच त्यांना माहीत नसते. कारण नात्यांचे सारे खाते तिच्या हाती होते. ती गेली आणि तिच्याबरोबर खातेही बंद झाले. पुरुषमंडळींना आमची विनंती आहे की, या खात्याचे व्यवहार तुम्हीही आजपासूनच शिकून घ्या.

यावर उपाय काय? आमच्याजवळ मोठी योजना नाही. दोन-चार साध्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ही की, नात्याला कारण लागू नये. लग्न, मुंज, मयत यांनाच जायचे असा आपला रिवाज होऊ पाहत आहे. सहज जावे. 'इकडून चाललो होतो, डोकावलो' या वाक्यात जेवढा जिव्हाळा आहे, तेवढा छापील आमंत्रणात नाही. मोबाइलवर रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवले म्हणजे चौकशी झाली, असे समजू नये. पण दूर असलेल्या मुलाला त्याच मोबाइलवर दहा मिनिटे मन मोकळे करून बोलता येते, हेही विसरू नये. साधन वाईट नाही. ते भेटीच्या जागी वापरायचे की भेट होईतो, एवढाच विवेक हवा.

दुसरी गोष्ट, मदत घ्यायला शिकावे. आपल्याला देण्यात भूषण वाटते आणि घेण्यात लाज. पण जो कोणाकडून काहीच घेत नाही, तो इतरांना परकेच ठेवतो. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जाणे ही केवळ साखरेची देवघेव नसते. उद्या तिलाही आपल्याकडे यायला वाट मोकळी होते. आपली कोणाला तरी गरज आहे, हे कळणे हे म्हातारपणीचे मोठे औषध आहे. म्हणून वृद्धांना नुसते सांभाळू नका. त्यांच्याकडे काही मागा. नातवाला पाढे शिकवायला सांगा, लोणच्याचे प्रमाण विचारा.

तिसरी गोष्ट, तुटलेले जोडण्याची. घरोघरी एखादा भाऊ भावाशी बोलत नाही. बांधाचा हातभर तुकडा, वडिलांचे दागिने, लग्नातला मानपान, असे काहीतरी कारण असते. काही नाती छळाची असतात, ती तोडणेच योग्य. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, असे आम्ही कोणाही भगिनीस सांगणार नाही. पण पुष्कळ भांडणे अशी असतात की कारण केव्हाच मेले आणि अबोला तेवढा जिवंत राहिला. त्या अबोल्याचे व्याज दोन्ही घरे भरीत असतात. कोणीतरी आधी बोलायचे असते, आणि आधी बोलणारा लहान होत नाही.

चौथी आणि शेवटची गोष्ट, रक्ताच्या आणि जातीच्या कुंपणापलीकडे निदान एक नाते जोडावे. सर्दीचा प्रयोग आपण ऐकला. तेथे नात्यांचे प्रकार उपयोगी पडले होते. पण आम्ही हे प्रकृतीसाठी सांगत नाही. आपल्या पंढरीच्या वाटेवर माणसे वयाचा आणि विद्येचा विचार न करता एकमेकांना माउली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. गावी परतल्यावर ती रीत वेशीबाहेर का राहावी? ज्या वस्तीत आपण कधी चहा घेतला नाही, तेथे एकदा चहा घ्यावा. वाळीत टाकण्याच्या पापाचे परिमार्जन कायद्याने अर्धेच होते. उरलेले अर्धे एकमेकांच्या ओसरीवर बसून व्हायचे आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ज्ञान मिळवायला पुस्तके होतीच. आज तर घरबसल्या मोबाइलवर याहून चांगली व्याख्याने ऐकायला मिळतात. तरीही तुम्ही या उकाड्यात घराबाहेर पडून येथे आलात, सतरंजीवर दाटीवाटीने बसलात, शेजारच्याला थोडे सरकून जागा दिलीत. व्याख्यान संपल्यावर फाटकापाशी उभे राहून दोन शब्द बोलाल, वक्त्याच्या चार चुकाही काढाल. त्या अवश्य काढा. फक्त घरी जाताना एवढे करा की, ज्याच्या शेजारी बसलात त्याचे नाव-गाव विचारून घ्या. आणि ज्या कोणाचा फोन रविवारवर टाकला आहे, त्याला तो आज रात्रीच करा.